पावसाळ्यात वायबीसीओ फिल्मचे क्यू-मूल्य दरवर्षी घसरते : कारण कसे शोधावे आणि काय करावे

साताऱ्यातील आमच्या लहानशा प्रयोगशाळेत एक तक्रार वर्षानुवर्षे येत राहिली, आणि सांगलीला हेच काम करणाऱ्या एका सहकाऱ्यांशी बोलल्यावर ती एकट्या आमची नाही हे कळले. इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या वायबीसीओच्या, दोन अतिसंवाहक फिल्मच्या, म्हणजे अतिशय पातळ थरांच्या, मध्ये नीलमण्याची चकती ठेवून आम्ही १० गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा अनुनादक (ठराविक वारंवारतेलाच जोरात प्रतिसाद देणारी मायक्रोवेव्ह रचना) तयार करतो, तो द्रव नायट्रोजनने थंड करतो आणि अनुनाद-शिखराच्या रुंदीवरून क्यू-मूल्य काढतो. अनुनादकात साठलेली ऊर्जा जितकी कमी वाया जाते तितके हे मूल्य मोठे. चैत्र-वैशाखात हे मूल्य महिनाभर जसेच्या तसे पुन्हा मिळते. मृगाचा पाऊस लागला की ते उतरू लागते, आषाढ-श्रावणात वेगाने उतरते, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तरी परत वर येत नाही.

या शेवटच्या निरीक्षणाकडे आमचे बरीच वर्षे लक्ष नव्हते. जोडण्यांमध्ये किंवा केबलमध्ये शिरलेला ओलावा हेच कारण असते, तर कोरड्या हवेत मूल्य पूर्ववत व्हायला हवे होते. ते होत नाही, याचा अर्थ पावसाळ्यात कुठेतरी कायमचा बदल घडतो. मात्र तो फिल्ममध्येच घडतो असे लगेच धरून चालणे चुकीचे ठरते, हे आम्ही बऱ्याच फिल्म विनाकारण बाद केल्यानंतर शिकलो.

फिल्मकडे वळण्यापूर्वी

पहिली तपासणी जुळणीची. विश्लेषकावर, म्हणजे अनुनादकातून पार जाणारी मायक्रोवेव्ह शक्ती मोजणाऱ्या उपकरणावर, दिसणारे क्यू-मूल्य हे भारित मूल्य असते. त्यात अनुनादकाच्या स्वतःच्या हानीबरोबर दोन्ही बाजूंच्या जुळणी-कड्यांतून (अनुनादकाला केबलशी जोडणाऱ्या तारेच्या कड्यांतून) बाहेर जाणारी ऊर्जाही मोजली जाते. दोन्ही कड्या सारख्या असतील, तर भारित मूल्याला, एकातून शिखरावरील पारगमनाचे विभवप्रमाण (बाहेर आलेल्या आणि आत सोडलेल्या विभवांचे गुणोत्तर) वजा करून येणाऱ्या संख्येने भागले की खरे मूल्य मिळते. शिखर उणे ३० डेसिबेलवर असेल तर ही दुरुस्ती जेमतेम ३ टक्के होते, पण तेच शिखर उणे ६ डेसिबेलवर असेल तर खरे मूल्य दिसणाऱ्या मूल्याच्या दुप्पट असते. वारंवार थंड-गरम होताना कड्या किंचित सरकतात. म्हणून दोन वेगवेगळ्या दिवसांची क्यू-मूल्ये शिखराची उंची न नोंदवता एकमेकांशेजारी मांडू नयेत.

दुसरी तपासणी तापमानाची. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो हे सर्वांना पाठ असते, पण तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. सातारा सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने इथे तो ७६.७ केल्विनच्या जवळपास उकळतो. हा फरक वर्षभर सारखाच राहत असल्याने त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते उघड्या भांड्यामुळे. कृत्रिम रेतन केंद्रांमुळे आपल्या भागात द्रव नायट्रोजन मिळणे अवघड नाही आणि ती अरुंद तोंडाची भांडी उत्तम असतात, परंतु त्यातून रुंद तोंडाच्या पात्रात ओतून दिवसभर वरचेवर भर घालत राहिले, तर हवेतील ऑक्सिजन त्यात विरघळत जातो आणि उत्कलनबिंदू एखाद्या केल्विनने वर सरकतो. संक्रमण-तापमान, म्हणजे ज्याखाली फिल्म अतिसंवाहक होते ते तापमान, ९१ केल्विन असलेल्या फिल्मसाठी पुढे येणाऱ्या द्विद्रव प्रतिमानाने हिशेब केला, तर एवढ्याशा वाढीने पृष्ठरोध, म्हणजे मायक्रोवेव्ह प्रवाहाला फिल्मच्या पृष्ठभागाचा रोध, दहा ते पंधरा टक्के वाढतो आणि क्यू-मूल्य उतरते. तापमापक पात्रात लोंबता न ठेवता फिल्मच्या धारकावर घट्ट बसवावा. शिवाय ऑक्सिजनने समृद्ध झालेला द्रव तेल, ग्रीस किंवा कापसाजवळ धोकादायक असतो, त्यामुळे संध्याकाळी उरलेला द्रव दुसऱ्या दिवसासाठी जपून ठेवण्याचा मोह टाळावा.

तिसरी तपासणी म्हणजे राखीव जोडी. दोन चांगल्या फिल्म बाजूला काढून त्या कायम कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदाच, पुढे सांगितलेल्या काळजीने मोजाव्यात. राखीव जोडीचे मूल्य स्थिर असेल, तर अनुनादकाचे तांब्याचे कवच, नीलमण्याची चकती आणि जोडण्या निर्दोष ठरतात. तिचेही मूल्य उतरले असेल, तर आधी चकती ॲसिटोनने व मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि कवचाच्या आतील बाजूचे काळवंडलेले तांबे घासून चकचकीत करावे. फिल्मच्या जागी नुसत्या तांब्याच्या चकत्या लावून तपासण्याचीही पद्धत आहे, पण ७७ केल्विनला १० गिगाहर्ट्झवर तांब्याचा पृष्ठरोध सुमारे ९ मिलिओहम, म्हणजे चांगल्या वायबीसीओच्या वीसपटीच्या घरात असतो. साहजिकच त्या मोजणीत फक्त ठळक बिघाड दिसतो. बारीक बिघाड तांब्याच्याच हानीत झाकला जातो.

एवढे झाल्यावर दोषी फिल्म नेमकी कोणती हे ठरवायचे. अनुनादकात एका वेळी दोन फिल्म असतात आणि हाती त्यांच्या पृष्ठरोधांची सरासरी येते. तीन फिल्म घेऊन पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि तिसरी-पहिली अशा तीन जोड्या मोजाव्यात. पहिली ज्या दोन जोड्यांत आहे त्यांच्या सरासऱ्यांची बेरीज करून उरलेल्या, म्हणजे दुसरी-तिसरी या, जोडीची सरासरी वजा केली की पहिल्या फिल्मचा स्वतःचा पृष्ठरोध मिळतो. आमच्याकडे एकट्या या फेरपालटीने निम्म्या तक्रारी मिटल्या, कारण जोडीतील एकच फिल्म बिघडलेली असे आणि आम्ही दोन्ही बाद करत असू.

पृष्ठभागावरच्या दोषाला एवढे महत्त्व का

अतिसंवाहकाचा एकदिश प्रवाहाला रोध शून्य असतो, पण प्रत्यावर्ती प्रवाहाला नसतो. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करून रोधाविना वाहतात, पण तापमान निरपेक्ष शून्याहून वर असेपर्यंत काही इलेक्ट्रॉन जोडीविना राहतात. बदलत्या क्षेत्राला परतवण्यासाठी जोड्यांना सतत वेग बदलावा लागतो, त्यासाठी अतिसंवाहकाच्या आत थोडे विद्युत्क्षेत्र निर्माण होते, आणि ते क्षेत्र या एकट्या इलेक्ट्रॉनांनाही ढकलून उष्णता निर्माण करते. गॉर्टर आणि काझिमिर यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या द्विद्रव प्रतिमानातून, म्हणजे जोडीतले आणि एकटे इलेक्ट्रॉन हे दोन वेगळे द्रव मानणाऱ्या प्रतिमानातून, असे निघते की ही हानी वारंवारतेच्या वर्गाने आणि भेदन-खोलीच्या घनाने वाढते.

भेदन-खोली म्हणजे चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागापासून आत जितके शिरते ती खोली. वायबीसीओमध्ये अगदी कमी तापमानाला ती सुमारे १५० नॅनोमीटर असते आणि ७७ केल्विनला २१० च्या आसपास जाते. सगळा मायक्रोवेव्ह प्रवाह एवढ्याच जाडीत वाहतो. जाड फिल्मसाठी हिशेब केल्यास, नीलमण्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागाच्या पहिल्या ५० नॅनोमीटरमधून सुमारे २१ टक्के प्रवाह जातो, आणि हानी प्रवाह-घनतेच्या वर्गावर अवलंबून असल्याने हानीतला त्या थराचा वाटा ३८ टक्के येतो. डोळ्यांना न दिसणारा एवढा पातळ थर बिघडला, तरी क्यू-मूल्यावर त्याचा परिणाम का होतो, हे यावरून लक्षात येईल.

इथे एक बारकावा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. पृष्ठभाग पूर्णपणे निरोधक झाला, तर प्रवाह त्याच्याखालच्या निरोगी थरात सरकतो. फिल्म तेवढी पातळ होते, एवढेच नुकसान होते. खरे नुकसान अर्धवट बिघडलेल्या थराने होते. त्यातून प्रवाह वाहत राहतो, पण तिथल्या कणसीमा, म्हणजे शेजारच्या स्फटिक-कणांमधील सांधे, कमजोर दुव्यांसारख्या वागतात, म्हणजे त्यांतून अतिसंवाहक प्रवाह जेमतेमच पार होतो. वायबीसीओमध्ये इलेक्ट्रॉन-जोडीची सुसंगती-लांबी (ढोबळमानाने जोडीचा आकार) प्रतलात जेमतेम दीड नॅनोमीटर असते, तर नायोबियममध्ये ती ३९ नॅनोमीटरच्या घरात असते. त्यामुळे नायोबियम ज्या ओरखड्याची दखलही घेत नाही, तेवढ्याने वायबीसीओतील जोड्यांची वाट अडते. एकमेकांशी कोन करून जुळलेल्या दोन स्फटिकांच्या सीमेवर कोन वाढत जाईल तसा क्रांतिक प्रवाह, म्हणजे रोधाविना वाहू शकणारा कमाल प्रवाह, किती प्रचंड कोसळतो, हे डिमॉस, चौधरी, मानहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवले. त्यातील प्रवीण चौधरी हे मूळचे भारतीय पदार्थवैज्ञानिक.

फिल्म पातळ असणे हाही एक स्वतंत्र घटक आहे. जाडी भेदन-खोलीच्या तिप्पट असेल तर मोजलेला पृष्ठरोध खऱ्यापेक्षा फक्त ३-४ टक्के जास्त येतो, जाडी भेदन-खोलीइतकीच असेल तर तो दुप्पट होतो, आणि पलीकडच्या सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे फिल्म ज्यावर वाढवली आहे त्या आधार-चकतीत, झिरपणाऱ्या क्षेत्राची हानी वेगळीच. जाडी पावसाने बदलत नाही, पण वेगवेगळ्या जाडीच्या फिल्मची तुलना करताना हे विसरले, तर निर्दोष फिल्म सदोष ठरते.

तापमान बदलून पाहावे, मग शक्ती बदलून पाहावी

दोषी फिल्म सापडली, की दोष कोणत्या प्रकारचा आहे हे विचारावे. ७७ केल्विनचा एकच आकडा याचे उत्तर कधीच देत नाही. नायट्रोजनवर निर्वात पंप लावून तापमान ६५ केल्विनपर्यंत खाली आणता येते. ६३ केल्विनला नायट्रोजन गोठतो, म्हणून त्याआधी थांबावे. दर दोन केल्विनला पृष्ठरोध नोंदवून नव्या फिल्मच्या वक्राशेजारी जुन्या फिल्मचा वक्र काढावा.

जुना वक्र संपूर्णच कमी तापमानाकडे सरकलेला दिसला, तर फिल्मने ऑक्सिजन गमावला आहे आणि तिचे संक्रमण-तापमान उतरले आहे. संक्रमण-तापमान ९२ वरून ८८ केल्विनवर आले, तर द्विद्रव प्रतिमानानुसार ७७ केल्विनला भेदन-खोली २१० वरून २३३ नॅनोमीटर होते आणि पृष्ठरोध साठेक टक्क्यांनी वाढतो. ६५ केल्विनला हा फरक बराच आक्रसतो. याउलट सर्व तापमानांना जवळजवळ सारखीच भर पडलेली असेल, तर तो अवशिष्ट रोध आहे. तो पृष्ठभागावरील बिघडलेला थर, अतिसंवाहक नसलेले कण किंवा कमजोर दुवे यांतून येतो. आमच्या पावसाळी फिल्म जवळजवळ सगळ्या या दुसऱ्या गटात निघाल्या.

त्यानंतर तापमान स्थिर ठेवून विश्लेषकाची शक्ती उणे २० डीबीएमपासून (एक मिलिवॉटच्या शंभराव्या भागापासून) टप्प्याटप्प्याने वाढवावी. चांगल्या फिल्मचा पृष्ठरोध पृष्ठभागावरील क्षेत्र काही मिलिटेस्ला होईपर्यंत सपाट राहतो, कमजोर दुव्यांच्या फिल्मचा मात्र लहान शक्तीपासूनच चढू लागतो. अनुनाद-शिखर एका बाजूला कलले किंवा वारंवारता वर जाताना व खाली येताना वेगळे दिसले, तर एखाद्या ठिपक्याजवळ फिल्म तापते आहे असे समजावे.

अलीकडे क्वांटम मंडलांविषयी, म्हणजे क्वांटम संगणकातील अतिसंवाहक परिपथांविषयी, वाचून आलेले विद्यार्थी याच टप्प्यावर गोंधळतात. तिथे पृष्ठभागावरील ऑक्साइडमधील द्विस्तरीय प्रणाली (दोनच ऊर्जा-पातळ्यांमध्ये हलणारे सूक्ष्म दोष) ऊर्जा शोषतात आणि शक्ती वाढवली की त्या संपृक्त होऊन हानी कमी होते, म्हणजे कल अगदी उलटा असतो. परंतु ते मिलिकेल्विनचे जग आहे. १० गिगाहर्ट्झचा एक क्वांटम म्हणजे सुमारे ०.४८ केल्विन, ७७ केल्विनच्या उष्णतेत अशा प्रणाली आधीच संपृक्त असतात. म्हणून आपल्या फिल्ममध्ये शक्तीबरोबर हानी कमी होताना दिसली, तर तो शोध नाही. जुळणी किंवा मापनसाखळी पुन्हा तपासावी.

सूक्ष्मदर्शक शेवटी वापरावा. त्यातून लेझर-निक्षेपणात, म्हणजे लेझरने पदार्थ उडवून फिल्म बसवताना, पडलेले थेंब, तांब्याच्या ऑक्साइडचे उंचवटे आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे, आडव्या अक्षाचे सुईसारखे कण दिसतात, आणि ते इतके ठसठशीत असतात की सारा दोष त्यांच्यावर टाकावासा वाटतो. मात्र ते चैत्रातही तिथेच होते. पावसाळ्यात त्यांची संख्या वाढत नाही; त्यांच्या कडांशी असलेल्या फटींतून पाणी आत शिरते.

पाणी नेमके केव्हा शिरते

वायबीसीओचा शोध १९८७ चा, आणि तो पदार्थ पाण्याशी अभिक्रिया करतो हे त्याच वर्षी लक्षात आले होते. पाण्याने त्याचे विघटन होऊन बेरियम हायड्रॉक्साइड, तांब्याचे ऑक्साइड आणि इट्रियम-बेरियम-तांब्याचा एक हिरवा, अतिसंवाहक नसलेला ऑक्साइड तयार होतो, ऑक्सिजन बाहेर पडतो, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की बेरियम हायड्रॉक्साइडचे बेरियम कार्बोनेट बनते. जुन्या फिल्मवर तिरप्या प्रकाशात दिसणारी पांढुरकी झाक बहुधा त्याचीच असते.

आम्ही समजत होतो की यवतेश्वराच्या डोंगरावर ढग टेकले आणि हवेतील आर्द्रता नव्वदीच्या पुढे गेली, की कपाटातल्या फिल्म हळूहळू खराब होतात. म्हणून आम्ही साठवणुकीवर सारा भर दिला, तरीही घसरण थांबली नाही. कारण वहीत सापडले. न मोजता नुसत्या ठेवलेल्या फिल्म बऱ्याच टिकल्या होत्या, तर ज्या फिल्म जितक्या वेळा मोजल्या गेल्या तितक्या त्या अधिक बिघडल्या होत्या. नायट्रोजनमधून काढलेला धारक आम्ही टेबलावर उघडा ठेवत होतो. थंड फिल्मवर आधी हिम साचते, मग ते वितळून त्याचे पाणी होते, आणि ते पाणी बराच वेळ नेमक्या त्याच पृष्ठभागावर पसरून राहते. वैशाखात हे पाणी थोडे असते आणि लवकर सुकते. आषाढात ते सुकतच नाही. माझ्या मते पावसाळ्यातील असे एक उघडे तापवणे हे कोरड्या खोक्यातील कित्येक आठवड्यांच्या साठवणुकीपेक्षा अधिक घातक आहे. म्हणजे फिल्म बिघडते ती गारव्याने नव्हे. गारव्यातून बाहेर येताना.

उपाय खर्चिक नाही. नायट्रोजनच्या भांड्यातून सतत उडणारा वायू कोरडा असतो. तो नळीने एका झाकणाच्या डब्यात सोडावा, मोजणी संपताच धारक त्या डब्यात घ्यावा आणि लहान तापकाने ३५ ते ४० अंश सेल्सिअसपर्यंत नेल्याशिवाय झाकण उघडू नये. खोलीच्या तापमानाला येऊन थांबणे पुरेसे नाही, कारण पावसाळ्यात दवबिंदू खोलीच्या तापमानाच्या अगदी जवळ असतो. बंद खोलीत नायट्रोजनचा असा प्रवाह सोडताना खिडकी उघडी ठेवावी. तो वायू श्वासातील ऑक्सिजनची जागा घेतो आणि त्याची चाहूलही लागत नाही.

साठवणुकीसाठी सिलिका जेल चालते, पण निळे दाणे गुलाबी झाले की ते निकामी समजून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर वाळवावे लागतात, आणि पावसाळ्यात ही वेळ काही दिवसांतच येते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगलीत वीज गेली, तेव्हा आमच्या सहकाऱ्यांना ओव्हन चालवता आला नाही आणि त्यांचे दाणे गुलाबीच राहिले. तेव्हापासून ते प्रत्येक फिल्म कोरड्या नायट्रोजनने भरलेल्या सीलबंद पाकिटात ठेवून मग ती पाकिटे जेलच्या डब्यात ठेवतात, आणि ही दुहेरी व्यवस्था आम्हीही स्वीकारली आहे. फिल्म शीतकपाटात ठेवू नये, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव जमते. ऊर्ध्वपातित पाण्याने धुवू नये. बाजारातले स्पिरिटही वापरू नये, कारण त्यात पाणी असते. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या सबस्ट्रेटवर फिल्म घेत असाल, तर तो सबस्ट्रेट स्वतःही दमटपणा धरतो. निक्षेपणापूर्वी त्याचे पाकीट फोडून ठेवू नये.

बिघडलेल्या फिल्मचे काय करावे

तापमान-वक्र सरकलेला असेल, तर ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० ते ५०० अंश सेल्सिअसवर ठेवून सावकाश थंड केल्यास फिल्म बऱ्याच अंशी सावरते. अवशिष्ट रोधासाठी मात्र हा उपाय निरुपयोगी आहे, कारण त्या तापमानाला बेरियम कार्बोनेट जसेच्या तसे राहते. पृष्ठभागाचा थर काढण्यासाठी निर्जल इथेनॉलमध्ये एक टक्का ब्रोमीनचे द्रावण वापरतात. ते प्रभावी आहे, पण ब्रोमीन विषारी व दाहक असल्याने धूरकक्षाशिवाय त्याला हात लावू नये, आणि थर काढल्यावर फिल्म पातळ होऊन वर सांगितलेला जाडीचा दंड भरावा लागतो. आयनांच्या माऱ्याने थर काढल्यास नवा पृष्ठभाग ऑक्सिजन गमावतो आणि त्याला पुन्हा भाजावे लागते. संरक्षणासाठी वर सोन्याचा थर द्यावा असे अनेकांना सुचते, पण क्षेत्राला सामोऱ्या जाणाऱ्या बाजूवर सोने दिले, तर प्रवाहाचा काही भाग त्या सामान्य धातूतून जातो आणि हानी वाढते. सोने मागील बाजूला किंवा फक्त संपर्काच्या जागी शोभते.

एका फिल्मने मात्र हा सगळा क्रम पाळूनही आम्हाला दाद दिली नव्हती. ती नीलमण्याच्या सबस्ट्रेटवर सिरियम ऑक्साइडच्या मधल्या थरासह घेतलेली होती, नेहमी कोरड्या डब्यात तापवली होती, तिचे संक्रमण-तापमान हललेले नव्हते, तरी दर चार-पाच मोजण्यांनी पृष्ठरोध वाढत होता आणि शक्तीबरोबर तीव्र चढत होता. जाडी तपासली तेव्हा ती ३०० नॅनोमीटरच्या बरीच वर निघाली. थंड होताना वायबीसीओ नीलमण्यापेक्षा जास्त आकुंचन पावते, फिल्म ताणली जाते, आणि सुमारे ३०० नॅनोमीटरच्या पुढे हा ताण भेगांनी मोकळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या बारीक, सरळ भेगांचे जाळे दिसले, आणि ज्या भेगा प्रवाहाच्या वर्तुळाकार मार्गाला आडव्या जात होत्या त्या प्रत्येक भेगेपाशी एक कमजोर दुवा तयार झाला होता. ही फिल्म आम्ही अनुनादकातून काढली आणि पाकिटावर जाडी, सबस्ट्रेट आणि किती वेळा थंड केली हे तिन्ही लिहून ठेवले. आता नीलमण्यावरच्या नव्या फिल्म २५० नॅनोमीटरलाच थांबवतो आणि जाडीचा दंड हिशेबात वजा करून घेतो.